शिंगरू घेण्यापूर्वी त्याची माय पाहावी

मेहकर आणि रिसोड यांच्या मधल्या, पैनगंगेकाठच्या आमच्या पट्ट्यात काळी जमीन आहे, आणि आषाढ लागला की वावरात जाणाऱ्या पांदण रस्त्यांवरून ट्रॅक्टर तर जात नाहीच, मोटारसायकलही अर्ध्या वाटेत धुऱ्याशी लावून ठेवावी लागते. खताचे पोते, फवारणीचा पंप, गुरांसाठी कापलेले गवत हे सारे मग डोक्यावरून न्यायचे, कारण बंडीची चाकेही तिथे रुतून बसतात. अशा वाटेने तट्टू पाठीवर ओझे घेऊन सहज जाते, हे आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिलेले आहे. पुतण्याला घोड्यावर बसायला शिकायचे होते, मला वावरासाठी ओझ्याचे जनावर हवे होते, आणि म्हणून देशी जातीचे एक लहान शिंगरू घ्यावे असे घरात ठरले.

आमच्या भागात बैल कसा पारखावा हे सांगणारी माणसे अजून गावोगाव भेटतात. घोड्याची पारख असलेली माणसे मात्र फार थोडी उरली आहेत. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू मिळून सुमारे 3.4 लाख भरले, आणि 2012 च्या गणनेशी तुलना केली तर ही घट सुमारे 45 टक्के होती. जनावरच दिसेनासे झाल्यामुळे विकणारा जे सांगेल ते खरे मानण्याची वेळ घेणाऱ्यावर येते. म्हणून आम्ही शिंगरू घेताना काय पाहिले, काय विचारले आणि कशाची तपासणी करून घेतली, हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

पहिला प्रश्न जातीचा होता. आमच्याकडे वरातीच्या घोड्यांमुळे लोकांच्या डोळ्यांत मारवाडी घोडा भरलेला आहे. उंच, मान ताठ, कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडलेली, आणि रंग नुकरा असेल तर मागणी आणखी. काठियावाडी घोड्याचे कानही असेच आत वळतात, त्यामुळे दलाल मंडळी कान जुळलेले कोणतेही जनावर सोयीप्रमाणे यातल्या एका नावाने विकतात. हे घोडे सुंदरच आहेत, परंतु आम्हाला हवे होते ते बुटके, रुंद छातीचे, टणक खुरांचे आणि कडब्यावर-गवतावर निभावणारे तट्टू. महाराष्ट्रात असे तट्टू मुख्यतः धनगरांनी टिकवले. भीमा नदीच्या खोऱ्यातले भीमथडी घोडे, ज्यांना दख्खनी असेही म्हणतात आणि मराठ्यांच्या घोडदळाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते संपले असे अनेकजण समजत होते. प्रत्यक्षात ते पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे मेंढरे घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या तळांबरोबर, ओझी वाहत फिरतच होते. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झांस्कारी, मणिपुरी, भुटिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंक्तीत ती आता आठवी आहे. या नोंदीचा मला मनापासून आनंद झाला. त्याचबरोबर असेही दिसले की ही बातमी पसरल्यापासून आमच्याकडचे प्रत्येक बुटके तट्टू आपोआप ‘भीमथडी’ होऊ लागले आहे.

शिंगरू कुठून घ्यावे, याबद्दल माझे मत आता पक्के आहे. मार्गशीर्षात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला तापीकाठी दत्ताच्या यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने तिथे जरूर जावे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरावे, जाणत्यांच्या मागे उभे राहून ते काय पाहतात हे पाहावे. परंतु शिंगरू तिथे घेऊ नये असे मला वाटते, कारण जत्रेत शिंगराची माय बहुधा नसते, ते ज्या जागी वाढले ती जागा नसते, आणि चार प्रांतांतून आलेली जनावरे एकाच ठिकाणी पाणी पीत असतात. सौदा झाल्यावर विकणारा कुठे गेला हे शोधणेही अवघड होते.

अशाच एका जत्रेत एका व्यापाऱ्याने आम्हाला कागदपत्र असलेले शिंगरू दाखवले. कागद म्हणजे एका ओळखपत्राची छायाप्रत होती, आणि त्यावर लिहिलेले वर्णन असे होते की रंग कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट), कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय खुरापासून वर पांढरा. समोरचे शिंगरू कुमैत होते, चांदणीही होती, पण चारही पाय काळे. विचारल्यावर उत्तर मिळाले की वाढताना रंग बदलतो. घोड्याचा रंग बदलतो हे अर्धेच खरे आहे. सब्जा घोडा जन्मतः गडद रंगाचा असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. कुमैत घोड्याच्या पायावरची पांढरी खूण मात्र पुसली जात नाही. कागदावर 15 अंकी मायक्रोचिपचा क्रमांकही होता. ही चिप मानेत बसवलेली असते आणि वाचक यंत्र फिरवले की क्रमांक दिसतो, म्हणून आम्ही पशुवैद्यकाला बोलावून चिप वाचून घेऊ असे सुचवले, तेव्हा ते शिंगरू विकायचेच नाही असे सांगण्यात आले. चिपचा क्रमांक आणि अंगावरच्या खुणा या दोन्ही गोष्टी जनावराशी जुळल्याशिवाय कागदाला काही अर्थ नाही, एवढे ज्यांना कागदावर घोडा घ्यायचा आहे त्यांनी लक्षात ठेवावे.

आमचे शिंगरू शेवटी घराजवळच मिळाले. कापूस आणि तूर निघाल्यावर आमच्याकडे वावरात मेंढ्या बसवण्याची रीत आहे, आणि त्यासाठी दरवर्षी येणाऱ्या एका वाड्याशी आमची जुनी ओळख आहे. त्या वाड्यात ओझ्याच्या घोड्या असतात आणि त्यांतल्या एकीचे मादी शिंगरू विकायचे आहे असे कळले. मी वाड्यातल्या कर्त्या पुरुषाशी बोलायला गेलो, पण त्याने मला त्याच्या आईकडे पाठवले, आणि ते योग्यच होते. मेंढरे घेऊन पुरुष रानात जातात, आणि बिऱ्हाड घोडीवर लादून पुढच्या मुक्कामाला नेण्याचे काम बायकांचे असते. कोणती घोडी बुजते, कोणती पाण्यात उतरत नाही, कोणती कधी व्याली, हे सारे त्यांनाच ठाऊक असते.

“गुरुजी, आमी सांगतो ते काय ऐकता,” त्या मावशी म्हणाल्या, “हिची माय पाहा न आधी. डोळ्यानं पाहा.”

माय पाहिली. साधारण साडेबारा मूठ, म्हणजे सुमारे पन्नास इंच उंचीची, पोटाला भरलेली कुमैत घोडी. तिच्या पाठीवरून आणि मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवला तेव्हा ओझ्याने झालेली जुनी जखम लागली नाही, म्हणजे ही माणसे खोगिराखाली नीट गादी घालतात. खूर नालेविना होते, तरी कडा फुटलेल्या नव्हत्या. परका माणूस मागून गेला तरी तिने कान मागे पाडले नाहीत. शिंगराचा स्वभाव पुढे कसा होईल हे दीड वर्षाच्या शिंगराकडे पाहून पुरते कळत नाही. आईकडे पाहून पुष्कळ कळते, कारण पहिले सहा-आठ महिने ते तिच्याच अंगाशी राहून माणसाला भ्यायचे की नाही हे शिकलेले असते.

मग मी मावशींना एकेक विचारत गेलो आणि वहीत लिहून घेत गेलो. ही घोडी वाड्यातच जन्मलेली. हिची आई माळेगावच्या यात्रेत सोलापूरकडच्या एका धनगराकडून घेतलेली, ती म्हातारी होऊन मेली. शिंगराचा बाप कोण, या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी गोलमाल उत्तर मिळते, कारण वाड्यातले घोडे मोकळे चरतात. मावशींनी मात्र सांगितले की त्या वर्षी वाड्यात एकच न खच्ची केलेला घोडा होता, तो सब्जा रंगाचा, दुसऱ्या वाड्यातून आणलेला, आणि नंतर परतही दिलेला. लहान वाड्यात एकच घोडा वर्षानुवर्षे राहिला तर तो स्वतःच्याच मुलींवर फळतो आणि शिंगरे कमजोर निघण्याचा धोका वाढतो, म्हणून बाप बाहेरचा होता हे कळणे मला महत्त्वाचे वाटले.

सांगितलेली गोष्ट पडताळायला रंगाचा उपयोग होतो. शिंगरू सब्जा असेल तर त्याच्या आईबापांपैकी निदान एक सब्जा असलाच पाहिजे. आईबाप दोन्ही सुरंग, म्हणजे आयाळ-शेपटीसकट तांबूस, असतील तर शिंगरू सुरंगच होते. आमचे शिंगरू आईसारखे कुमैत आहे, आणि बाप सब्जा असला तरी तसे होऊ शकते. म्हणजे मावशींचे सांगणे रंगाने खोटे ठरत नव्हते. रंगाने वंश सिद्ध होत नाही, पण खोटा वंश मात्र अनेकदा उघडा पडतो. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. सब्जा घोडा कोणत्या हंगामात वाड्यात होता हे मी मावशींच्या मुलाला वेगळे विचारले, आणि त्याने सांगितलेला काळ व शिंगराचा जन्म यांच्यात तेवढेच अंतर निघाले.

वयाची खात्री दातांवरून केली. बैलाचे आपण अदत, दोनदाती, चौसा असे पाहतो. घोड्याचेही तसेच पाहता येते, फक्त काळ वेगळा. घोड्याच्या शिंगराचे समोरचे मधले दुधाचे दात जन्मताच किंवा पहिल्या आठवड्यात येतात, त्यांच्या शेजारचे महिना-दीड महिन्यात आणि कडेचे सहा ते नऊ महिन्यांत. त्यानंतर कायमचे दात येईपर्यंत दुधाच्या दातांवरची खळगी झिजण्यावर लक्ष ठेवायचे. ढोबळ मानाने मधल्या दातांची खळगी वर्षाच्या सुमारास, शेजारच्यांची दीड वर्षाच्या सुमारास आणि कडेच्यांची दोन वर्षांच्या सुमारास झिजते. अडीच वर्षांनी मधले कायमचे दात येऊ लागतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे आणि साडेचारला कडेचे. आमच्या शिंगराचे सगळे दात दुधाचे होते, मधली खळगी झिजलेली, शेजारची झिजत आलेली. मावशींनी जन्म पोळ्यानंतरचा सांगितला होता, आणि दात त्याच्याशी जुळले. हे पाहणे आवश्यक असते, कारण लहान चणीचे तीन वर्षांचे तट्टू दीड वर्षाचे म्हणून आणि दीड वर्षाचे शिंगरू ‘आता बसायला तयार’ म्हणून, दोन्ही प्रकारे विकले जाते.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. आमच्याबरोबर आलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी देवमण आहे का, गोम कुठे आहे (हे शुभ-अशुभ मानले जाणारे भोवरे), हे पाहण्यात बराच वेळ घालवला आणि मानेवरचा एक भोवरा त्यांना पसंत पडला नाही. भोवऱ्यावरून मालकाचे भले-बुरे होते असे मी मानत नाही. परंतु भोवरे काळजीपूर्वक पाहावेत हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, कारण केसांचे भोवरे जन्मभर त्याच जागी राहतात आणि घोड्यांच्या ओळखपत्रांत पांढऱ्या खुणांबरोबर त्यांचीही नोंद करतात. गाई-म्हशींच्या कानात आता 12 अंकी बिल्ला असतो. आमच्या भागातल्या घोड्यांच्या कानात मी तसा बिल्ला पाहिलेला नाही. उद्या जनावर चोरीला गेले तर ते आपलेच आहे हे कपाळावरची चांदणी आणि मानेवरचा तो नापसंत भोवराच सिद्ध करील. आम्ही दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून आणि चारही पायांची जवळून छायाचित्रे घेतली.

सर्वांत कठीण भाग रक्ततपासणीचा होता. घोड्यांमध्ये ग्लँडर्स नावाचा जिवाणूजन्य रोग होतो. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आत व्रण, पायांवर किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे, पण काही जनावरे बाहेरून चांगली दिसत असतानाही बाधित असतात. तो माणसालाही होतो आणि जीव घेऊ शकतो. त्यावर लस नाही. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे, आणि तपासणीत रोग निश्चित झाला तर जनावर शास्त्रोक्त रीतीने नष्ट करावे लागते. त्याबद्दल मालकाला सरकारी भरपाई मिळते. दुसरा रोग घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय. चावणाऱ्या माश्यांमुळे किंवा एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यामुळे तो पसरतो, आणि एकदा झाला की विषाणू जन्मभर अंगात राहतो. तिसरा सर्रा, जो गोमाश्या पसरवतात आणि जो आमच्यासारख्या नदीकाठच्या, गुरांच्या भागात पावसाळ्यानंतर मनात ठेवलाच पाहिजे. त्यावर औषध आहे, पण सतत येणारा-जाणारा ताप आणि उतरत जाणारे अंग लोक उपासमारीचे समजतात आणि उशीर होतो.

मी मावशींना रक्त तपासायचे आहे असे सांगितले तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “काही निघालं तर आमची घोडी नेऊन मारान का?”

या प्रश्नाला गोड उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. मी सांगितले की ग्लँडर्स निघाला तर कायद्याप्रमाणे तसे करावेच लागेल, भरपाई मिळेल, पण घोडी जाईल; आणि न तपासता तो वाड्यात राहिला तर बाकीच्या घोड्या आणि घोड्यांजवळ झोपणारी नातवंडे यांना धोका राहील. ज्यांचे सगळे बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर आहे त्यांच्याकडून आपण काय मागतो आहोत याची जाणीव घेणाऱ्याने ठेवलीच पाहिजे. त्यांनी लगेच होकार दिला नाही, घरात बोलणे झाले, आणि मग निरोप आला की तपासायचे तर वाड्यातल्या सगळ्याच घोड्या तपासा, एकीलाच कशाला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांनी वाड्यावर येऊन नमुने घेतले, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापरली हे मावशींनी स्वतः उभे राहून पाहिले. ग्लँडर्ससाठी आधी एलायझा चाचणी होते आणि संशय असेल तर खात्रीची चाचणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अहवाल येईपर्यंत आम्ही बयाणा दिला नाही आणि त्यांनीही मागितला नाही. सर्व नमुने निर्दोष निघाले.

त्याच भेटीत डॉक्टरांनी शिंगरू कडक जमिनीवर चालवून आणि दुडकीवर पळवून पाहिले, डोळ्यांसमोर हात नेऊन दृष्टी पाहिली, पळवल्यानंतरचा श्वास ऐकला, जबड्याखालच्या गाठी चाचपल्या. मागच्या डाव्या पायाचे खूर बाहेरच्या बाजूने जास्त वाढलेले होते, ते तासून घेण्याजोगे होते.

सौदाचिठ्ठी लिहिताना पुन्हा जातीचा विषय निघाला. मध्यस्थाचे म्हणणे होते की चिठ्ठीत ‘भीमथडी जातीची घोडी’ असे लिहा, पुढे विकायची वेळ आली तर भाव मिळेल. मी तसे लिहू दिले नाही. आमच्या शिंगराची आजी सोलापूरकडून आली असे सांगितले जाते. तिच्या मागचे काही ठाऊक नाही, आणि बापाकडचे तर त्याहून कमी. तिची ठेवण भीमथडीसारखी आहे असे मला वाटते, पण वाटण्यावर जात लिहिता येत नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांनी तो घोडा सांभाळला त्यांच्या जनावराला आत्ता कुठे स्वतःचे नाव मिळाले आहे, आणि विदर्भातली, मराठवाड्यातली मिश्र तट्टे त्याच नावाने फिरू लागली तर पुढे खरी पैदास करू पाहणाऱ्याला अस्सल घोडी ओळखणेच अवघड होईल. म्हणून चिठ्ठीत गावठी तट्टू, मादी, रंग कुमैत, अंदाजे वय, चांदणी, भोवऱ्यांच्या जागा, आईचे वर्णन आणि सांगितलेला वंश ‘विकणाऱ्याच्या सांगण्यावरून’ असे लिहिले. घोड्या वाड्यातल्या भावांच्या सामाईक असल्यामुळे दोन्ही भावांच्या सह्या घेतल्या, मावशींचा अंगठा घेतला, आणि साक्षीदार म्हणून गावच्या पोलीस पाटलांची सही घेतली. किंमत इथे लिहीत नाही, कारण एकाच्या सौद्यावरून दुसऱ्याने भाव ठरवू नये. त्यांनी मागितलेल्या रकमेत आम्ही फारशी घासाघीस केली नाही एवढेच सांगतो.

गाडीतून आणताना पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला बरोबर ठेवला, कारण 1978 च्या जनावर वाहतुकीच्या नियमांप्रमाणे तो लागतो, आणि अंतर थोडे असले तरी वाटेत कोणी अडवले तर जनावर उन्हात उभे राहते. अहवाल निर्दोष असूनही शिंगराला काही आठवडे गुरांच्या गोठ्यापासून दूर, वेगळ्या हौदावर ठेवले. धनुर्वाताची लस दिली, कारण घोडा त्या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि शेणाच्या जागेत खिळ्याची एक जखम त्याला पुरते. जंताचे औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालू आहे. पुतण्या रोज तिला खरारा करतो, मोहरकी घालून धुऱ्याधुऱ्याने फिरवतो. ओझे आणि स्वारी मात्र तिला चार वर्षे पुरी होईपर्यंत नाही, कारण गुडघ्यावरची हाडे दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत असतात आणि पाठीच्या मणक्यांची वाढ त्याहूनही उशिरा पुरी होते. तोपर्यंत पांदणीतून खताची पोती आम्हीच डोक्यावर नेऊ. सौदाचिठ्ठी, तपासणीचे अहवाल, छायाचित्रे आणि मावशींनी सांगितलेली हकिगत एकाच वहीत लावून ठेवली आहे. या घोडीला पुढे शिंगरू झाले आणि ते कोणी घ्यायला आले, तर त्याला त्याची माय आणि ही वही दोन्ही दाखवता येतील.